पाळक बदलून जातात, नोंदवही राहते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नाताळ किंवा गुड फ्रायडे आला की मराठवाड्यातील चर्चच्या बातम्या छापून येतात आणि त्या आम्ही आवडीने वाचतो. पण त्यांत एक चूक वर्षानुवर्षे चालत आली आहे. उपासना चालवणारा कोणीही असो, बातमीत तो ‘फादर’ होतो. रोमन कॅथलिक धर्मगुरूला फादर म्हणणे बरोबर आहे. अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या, परंपरेतून आलेल्या चर्चमध्ये मात्र आपल्याकडे त्याला पाळक म्हणतात, बोलताना पाळकसाहेब आणि लिहिताना रेव्हरंड. तो बहुधा संसारी असतो. चर्च ऑफ इंग्लंडच्या ३९ कलमांपैकी ३२ व्या कलमातच धर्मसेवकांना विवाहाची मोकळीक दिलेली आहे. शब्दाची चूक एका दुरुस्तीने मिटेल, पण तिच्यामागे पाळकाच्या कामाविषयीचे जे अज्ञान आहे ते मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या सभासदांतल्या, लोकांनाही सोडत नाही. रविवारी दीड तास उभा राहणारा माणूस एवढीच त्याची ओळख राहते. त्याच्या सहीने तयार झालेला कागद एखाद्या कुटुंबाला पन्नास वर्षांनी पेन्शनसाठी किंवा वारसनोंदीसाठी लागतो, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. हे पत्र मुख्यतः त्या कागदासाठी आणि तो ज्या नोंदवहीतून निघतो तिच्यासाठी आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सीएनआय, स्थापन झाले. त्यात पूर्वीचे अँग्लिकन चर्च होते, तसेच प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल परंपरेचे संयुक्त चर्च, बाप्टिस्ट, ब्रेदरन, ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन मेथडिस्ट आणि डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट हेही होते. मराठवाड्यात या एकीकरणाचा अर्थ फार ठळक आहे. औरंगाबादेत एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीचे, म्हणजे अँग्लिकन काम होते आणि ते मूळचे पारशी असलेल्या रेव्ह. रतनजी नवरोजी यांनी वाढवले. तिकडे जालन्याला स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे रेव्ह. नारायण शेषाद्री होते. त्यांनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले. एका परंपरेत कारभार बिशपांकडे, म्हणजे वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांकडे, दुसरीत पंच आणि प्रेस्बिटरी, म्हणजे पाळक-पंचांची सभा, यांच्याकडे. आज या दोन्हींचे वारसदार एकाच चर्चचे सभासद आहेत. म्हणूनच सीएनआयमध्ये तान्ह्या बाळाचा बाप्तिस्माही मान्य आहे आणि जाणत्या वयात स्वतःच्या कबुलीने घेतलेलाही. जुन्या नोंदवह्या चाळताना हे माहीत असावे लागते, कारण दोन्हीकडच्या वह्यांचे रकाने सारखे नाहीत.

पाळक होण्याची वाट लांब आहे. उमेदवार दृढीकरण (बाप्तिस्म्याची कबुली स्वतः देण्याचा विधी) झालेला, प्रभुभोजन (भाकरी-द्राक्षारसाचा विधी) घेणारा सभासद हवा. प्रथम त्याच्या स्वतःच्या मंडळीच्या पास्टोरेट कमिटीची, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीची, शिफारस लागते, मग धर्मप्रांताच्या (बिशपांच्या क्षेत्राच्या) मंडळासमोर मुलाखत आणि शेवटी बिशपांची संमती. त्यानंतर सेमिनरी, म्हणजे धर्मशिक्षणाची संस्था. धर्मशास्त्राच्या पदव्या देणाऱ्या सेरामपूरच्या सिनेटशी संलग्न संस्थेतील बी.डी.चा (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) अभ्यासक्रम पदवीधराला साधारण चार वर्षांचा आणि बारावी झालेल्याला पाच वर्षांचा असतो. मराठी भागातल्या मुलांना सर्वांत जवळचे म्हणजे पुण्याचे युनियन बिब्लिकल सेमिनरी. ते १९८३ पर्यंत यवतमाळला होते. जुना करार, नवा करार, हिब्रू-ग्रीकची तोंडओळख, चर्चचा इतिहास, इतर धर्मांचा अभ्यास, समुपदेशन असे सगळे तिथे शिकवले जाते. मराठवाड्यातल्या मुलाची अडचण होते ती भाषेची. अभ्यास बहुतांश इंग्रजीत आणि पुढे आयुष्यभर उपदेश करायचा तो मराठीत, तोही परतूर किंवा बदनापूरकडच्या शेतमजुराला कळेल असा. जो मुलगा सेमिनरीत असताना सुट्टीत गावोगावच्या प्रार्थनासभांना जात राहतो, त्याची मराठी टिकते. जो जात नाही, त्याचा उपदेश पुढे भाषांतरासारखा लागतो. शिफारस करणाऱ्या कमिट्यांनी मुलाचे गुणपत्रक पाहावे, तसे हेही पाहावे.

सेमिनरीतून परतल्यावर काही काळ उमेदवारी, मग डीकन, म्हणजे पहिल्या पायरीचा सेवक, म्हणून दीक्षा. चर्च ऑफ इंग्लंडच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात डीकनसाठी किमान वय २३, प्रेस्बिटर किंवा प्रीस्टसाठी, म्हणजे पूर्ण अधिकाराच्या पाळकासाठी, २४ आणि बिशपसाठी ३० सांगितले आहे. निकडीचे कारण नसेल तर डीकन म्हणून पूर्ण एक वर्ष काढावे असेही तिथे म्हटले आहे. डीकनच्या दीक्षेत फक्त बिशप मस्तकावर हात ठेवतात आणि त्याच्या हाती नवा करार देतात. प्रेस्बिटरच्या दीक्षेत बिशपांबरोबर हजर असलेले सगळे प्रेस्बिटर हात ठेवतात आणि हाती संपूर्ण बायबल दिले जाते. चर्चमध्ये बसलेल्या माणसाला हा फरक स्टोलवरून, म्हणजे अंगावरच्या लांब कापडी पट्ट्यावरून, ओळखता येतो. डाव्या खांद्यावरून तिरका उजव्या कमरेकडे गेलेला स्टोल डीकनचा, मानेवरून दोन्ही बाजूंना सरळ खाली आलेला प्रेस्बिटरचा. डीकन बायबल वाचेल, उपदेश करेल, प्याला वाटेल. पण प्रभुभोजनाच्या भाकरी-द्राक्षारसावरची मुख्य प्रार्थना, पापक्षमेची घोषणा आणि शेवटचा आशीर्वाद ही प्रेस्बिटरची कामे आहेत. नवीन डीकनला एकट्याला मंडळी सोपवली की प्रभुभोजन अडते ते यामुळे, त्याच्या अंगात काही उणे असते म्हणून नव्हे. स्त्रियांनाही आता ही वाट खुली आहे. भारतातल्या पहिल्या महिला बिशप एग्गोनी पुष्पललिता यांची दीक्षा २०१३ मध्ये झाली, त्या दक्षिणेकडील चर्च ऑफ साउथ इंडियाच्या.

पुढचे आयुष्य बदल्यांचे. दर काही वर्षांनी नवी मंडळी, मुलांची नवी शाळा, चर्चच्या आवारातले दुसरे घर. ते घर त्याचे नसते, जमीनही नसते, सगळे ट्रस्टच्या नावावर असते. निवृत्तीच्या दिवशी किल्ली द्यावी लागते. स्वतःच्या डोक्यावर छप्पर करायची तयारी ज्याने चाळिशीतच सुरू केली नाही, त्याचे हाल होतात. मंडळीने याबाबत वेळीच आठवण करून देणे हे उपकार नसून कर्तव्य आहे, असे आम्ही मानतो. शहरातल्या चर्चखेरीज आसपासची खेडी त्याच्याकडे असतात. प्रत्येक खेड्यात महिन्यातून एखादी उपासना जमते, एरवी तिथले काम प्रचारक आणि महिला मंडळ सांभाळते.

दफनाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती आपल्या मातीची आहे. मराठवाड्यातील बऱ्याच दफनभूमी काळ्या मातीत आहेत. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. दफनानंतर लगेच सिमेंटचा चबुतरा बांधला की पहिल्याच पावसात भराव बसतो, चबुतरा एका कडेने खचतो आणि फरशी तडकते. लोक दोष गवंड्याला देतात. निदान एक पूर्ण पावसाळा जाऊ द्यावा, खचलेल्या जागी पुन्हा माती भरावी, मग बांधकाम करावे. तोपर्यंत नावाची पाटी आणि दफनवहीतला कबरीचा क्रमांक पुरतो. क्रमांक मात्र त्याच दिवशी लिहावा, कारण पाटी हलते आणि वर्षभराने शेजारच्या दोन कबरींत गोंधळ होतो. मृत्यूची नोंद २१ दिवसांत नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत वेगळी करावी लागते. चर्चच्या दफनवहीतली नोंद तिची जागा घेत नाही, हे दुःखात असलेल्या घराला पाळकानेच सांगायचे असते.

आता लग्न. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ चा आहे आणि पाळकाच्या हातून होणारी बहुतेक चूक इथे होते. कलम ५ प्रमाणे बिशपांकडून दीक्षा मिळालेल्या सेवकाला आपल्या चर्चच्या विधीने लग्न लावण्याचा अधिकार आहे. ज्यांची दीक्षा तशी झालेली नाही, त्या धर्मसेवकांना कलम ६ खालचा राज्य शासनाचा परवाना लागतो. अधिकार नसताना लग्न लावणे हा कलम ६८ खाली दहा वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. म्हणून सुंदर छापलेल्या प्रमाणपत्राला भुलू नये. लग्न ठरवतानाच दीक्षा कोणाकडून झाली किंवा परवाना क्रमांक काय, हे विचारावे. विचारण्यात अपमान काही नाही.

अँग्लिकन पद्धतीत लग्नाआधी तीन वेगवेगळ्या रविवारी भर उपासनेत बॅन्स वाचतात, म्हणजे अमुक अमुक यांचे लग्न ठरले आहे, कोणाची कायदेशीर हरकत असेल तर सांगावी, अशी जाहीर विचारणा करतात. वर एका मंडळीचा आणि वधू दुसऱ्या मंडळीची असेल तर दोन्हीकडे वाचावे लागतात आणि दुसऱ्या पाळकाचे लेखी प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय लग्न लावायचे नसते. इथे गणित चुकते. मुलगी जालन्याची, मुलगा संभाजीनगरचा, लग्न पंधरा दिवसांवर आणि तिकडचे बॅन्स सुरूच झालेले नाहीत. मग ‘पाळकसाहेब, तेवढे सांभाळून घ्या’ सुरू होते. तीन रविवार आणि कागद येण्याजाण्याचा एक आठवडा धरून लग्नाच्या निदान पाच आठवडे आधी अर्ज द्यावा. अर्जासोबत दोघांच्या जन्मतारखेचा पुरावा, बाप्तिस्म्याचा दाखला आणि पूर्वी लग्न झालेले असेल तर मृत्यूचा दाखला किंवा न्यायालयाचा घटस्फोटाचा हुकूम. पंचांची किंवा चर्चच्या मंडळाची फारकतीची चिठ्ठी इथे चालत नाही, ती कितीही जुन्या आणि मान्यवर माणसाने दिलेली असो. वराचे वय २१ आणि वधूचे १८ पूर्ण हवे.

परवानाधारक धर्मसेवक कलम १२ खालची लेखी सूचना घेऊन प्रमाणपत्र देतात. ते दिल्यापासून दोन महिन्यांत लग्न झाले नाही तर प्रमाणपत्र बाद होते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

वेळेचा नियम तर मराठवाड्यातल्या लग्नांना सर्वांत जड जातो. कलम १० सांगते की लग्न सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेतच लागले पाहिजे. वेगळ्या वेळेसाठी बिशपांच्या सही-शिक्क्याचा खास परवाना लागतो. आता मे महिन्याचा विचार करा. दुपारी ऊन सोसवत नाही म्हणून पत्रिकेत संध्याकाळी साडेपाच छापतात. वऱ्हाडाची गाडी साडेसहाला पोहोचते, वरात चर्चच्या फाटकाशी अर्धा तास नाचते आणि नवरी वेदीसमोर येते तेव्हा सव्वासात झालेले असतात. पाळकाने विधी थांबवला तर तो गर्विष्ठ ठरतो, चालू ठेवला तर नोंद सदोष होते. उन्हाळ्यात लग्नाची वेळ सकाळी नऊची किंवा फार तर दुपारी चारची ठेवावी, वरात लग्नानंतर काढावी. दोन्ही घरांनी हे पत्रिका छापण्याआधी ठरवले तर पाळकावरचा मोठा भार उतरतो.

विधी संपला की लगेच, जेवणाच्या पंगती बसण्याआधी, वहीत नोंद. तारीख, दोघांची नावे आणि आडनावे, वय, वैवाहिक स्थिती, व्यवसाय, लग्नाच्या वेळचा पत्ता, वडिलांचे नाव, मग वधू-वरांच्या सह्या, निदान दोन साक्षीदारांच्या सह्या आणि लग्न लावणाऱ्याची सही. यातला एकही रकाना रिकामा सोडायचा नाही. वारंवार दिसणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. वधूच्या नावापुढे सासरचे आडनाव लिहिणे ही पहिली. नोंद लग्नाच्या क्षणाची असते, तिथे माहेरचेच नाव हवे, नाहीतर पुढे शाळेच्या दाखल्याशी मेळ बसत नाही. वयाच्या रकान्यात आकडा न लिहिता ‘सज्ञान’ लिहिणे ही दुसरी. पत्त्यात घरच्या गावाऐवजी लग्न झाले त्या गावाचे नाव, साक्षीदाराचा नुसता अंगठा आणि शेजारी नाव नाही, एका जोडप्याची नोंद ‘नंतर करू’ म्हणून मध्ये कोरे पान सोडलेले, हेही सर्रास सापडते. कोरे पान सर्वांत वाईट, कारण नोंदी ओळीने आणि अनुक्रमानेच हव्यात. मधले कोरे पान दिसले की साऱ्या वहीवर संशय येतो.

कायद्याने ही नोंद दुहेरी असते. वहीतली एक आणि तिला जोडलेल्या प्रमाणपत्रावरची दुसरी, दोन्हींचा क्रमांक एकच. ते प्रमाणपत्र वेगळे करून लग्नापासून एक महिन्याच्या आत जिल्ह्याच्या विवाह निबंधकाकडे पाठवायचे असते. जुन्या अँग्लिकन पद्धतीत हे विवरण दर तिमाहीला, तिमाही संपल्यावर दोन आठवड्यांत, आर्चडीकनच्या, म्हणजे बिशपांच्या हाताखालच्या अधिकाऱ्याच्या, कचेरीतल्या निबंधकाकडे जाई. कायद्यात अजूनही ‘चर्च ऑफ इंग्लंड’ असे शब्द आहेत. भारतातले चर्च १९३० मध्येच त्यापासून कायद्याने वेगळे झाले, पण १८७२ ची भाषा तशीच राहिली आणि ती वाचून कारकूनही गोंधळतात, पाळकही. प्रमाणपत्र पाठवल्याची पोच वहीच्या मागे चिकटवून ठेवावी. ती नसली की वीस वर्षांनी ‘आमच्याकडे नोंद नाही’ हे उत्तर ऐकावे लागते आणि चर्चकडे दाखवायला काही राहत नाही.

चूक सापडली तर काय करायचे, हेही कायद्यात स्पष्ट आहे, फक्त वाचले जात नाही. कलम ७८ प्रमाणे चूक लक्षात आल्यापासून एक महिन्यात, त्या जोडप्यासमक्ष, ते हयात किंवा हजर नसतील तर दोन विश्वासू साक्षीदारांसमक्ष, समासात दुरुस्ती लिहायची, सही करायची, तारीख घालायची. मूळ अक्षराला हात लावायचा नाही. खाडाखोड, व्हाइटनर, ब्लेडने खरवडणे, पान फाडून नवे लावणे यांतले काहीही केले तर चांगल्या हेतूने केलेली दुरुस्तीही संशयास्पद ठरते. जाणूनबुजून नोंद बिघडवली किंवा वही नष्ट केली तर कलम ७५ खाली सात वर्षांपर्यंत कैद आहे. कोणालाही वाजवी वेळी ठरलेली फी भरून वहीत शोध घेता येतो आणि सही केलेली नक्कल मागता येते. नक्कल देताना पाळकाने मूळ नोंदीत जे आहे तेच उतरवावे. ‘तुमचे नाव आधारवर असे आहे ना, तसे लिहितो’ ही मदत नाही, तो पुढचा घोटाळा आहे.

बाप्तिस्म्याच्या वहीतला घोटाळा वेगळा आहे. तिथे जन्मतारीख आणि बाप्तिस्म्याची तारीख असे दोन रकाने असतात. नक्कल करणारा घाईत दुसरी तारीख पहिलीच्या जागी लिहितो आणि माणूस कागदावर तीन महिन्यांनी किंवा तीन वर्षांनी लहान होतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना जन्मदाखलाच पुरावा म्हणून लागतो. त्याआधी जन्मलेल्या आणि जन्मनोंद नसलेल्या वृद्धांना मात्र ही वहीच आधार आहे.

मराठवाड्यात आणखी दोन अडचणी आहेत, त्या पुण्या-मुंबईच्या चर्चला येत नाहीत. हा भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या संस्थानात होता आणि सरकारी कामकाज उर्दूत चाले. त्यामुळे चर्चच्या वहीतला याकोब शाळेत याकूब झाला आणि नोकरीत जेकब. योहान आणि जॉन, शलमोन आणि सॉलोमन, सगळे एकच. पाळकाने नाव बदलून देऊ नये. मूळ नोंदीची नक्कल द्यावी आणि कुटुंबाने ‘ही तिन्ही नावे एकाच व्यक्तीची’ असे प्रतिज्ञापत्र वेगळे करावे. दुसरी अडचण फसली सालाची, म्हणजे महसुलासाठीच्या जुन्या कालगणनेची. जमिनीच्या आणि शाळेच्या जुन्या कागदांवर फसली वर्ष असते, चर्चच्या वहीत इसवी सन. संस्थानातले फसली साल ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होई. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या तारखेसाठी फसलीत ५९० मिळवावेत, जानेवारीपासून पुढच्या महिन्यांसाठी ५९१. म्हणजे १३५७ फसली हे १९४७-४८. सरसकट ५९० मिळवले की जानेवारी ते सप्टेंबरच्या तारखा एक वर्ष मागे जातात आणि वडील-मुलाच्या वयाचा हिशेब विस्कटतो.

वह्यांची अवस्था पाहून जीव तुटतो. लोखंडी कपाट भिंतीला टेकवलेले, मागून ओल, खालून वाळवी. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे आणि विटांवर उचलून ठेवावे. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नये, तो पिवळा पडतो आणि अक्षर घेऊन निघतो. लॅमिनेशन तर अजिबात नको, ते पुन्हा काढता येत नाही. नव्या नोंदींसाठी जेल पेन वापरू नये, पाण्याचा थेंब पडला की पसरतो. न पुसणारी काळी-निळी शाई घ्यावी. प्रत्येक वहीची पाने ३०० डीपीआयने स्कॅन करावीत, कोरी पानेसुद्धा, आणि एक प्रत चर्चमध्ये, दुसरी धर्मप्रांताच्या कचेरीत ठेवावी. हे काम संगणक शिकलेली तरुण मुले सुट्टीत करू शकतात. वही मात्र चर्चच्या आवाराबाहेर नेऊ देऊ नये.

पाळकाची बदली होते तेव्हा निरोपसमारंभ, शाल, फोटो सगळे होते. त्याच दिवशी कमिटीच्या दोन सभासदांसमक्ष वह्यांची मोजणी व्हावी. बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह, दफन आणि दर रविवारच्या उपासनेची वही, प्रत्येकीचे शेवटचे पान, शेवटच्या नोंदीचा क्रमांक, न वापरलेल्या प्रमाणपत्रांची संख्या, हे सारे एका कागदावर लिहून जाणाऱ्या आणि येणाऱ्या दोन्ही पाळकांनी सही करावी. त्या कागदाच्या तीन प्रती हव्यात. एक वहीत, एक कमिटीच्या फायलीत, एक बिशपांकडे.

आपले,
चर्चच्या नोंदवह्यांचे काम पाहणारे काही सभासद
छावणी, छत्रपती संभाजीनगर